एका वाढणीत दिवसाचा किती वाटा? पदार्थांच्या पर्यावरणीय संदर्भमूल्यांच्या प्रकल्प नोंदी

काम थोडक्यात असं: जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येक पदार्थाजवळ एक लहान कार्ड लावायचं. पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात ‘दिवसाच्या गरजेच्या इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं, तसंच पर्यावरणासाठी लिहायचं. या एका वाढणीने माणशी दिवसाच्या वाट्यातला किती भाग संपवला? मोजमापं तीनच घेतली, हवामान, जमीन आणि पाणी. ‘एक किलो तांदळामागे ४.४५ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ (म्हणजे सगळे हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून केलेली बेरीज) एवढंच वाचून कुणाला काही उमजत नाही. ते जास्त की कमी, हे ठरवायला आकड्याला टेकू लागतो. तो टेकू म्हणजे संदर्भमूल्य.

आठ दिवसांत उरकेल असं वाटलं होतं, सात आठवडे लागले. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझे निदान चार आठवडे तरी त्यांचे वाचावेत, म्हणून चुकांसकट सगळं लिहून ठेवते आहे.

४ फेब्रुवारी

पदार्थांचे आकडे जोसेफ पोअर आणि थॉमस नेमेचेक यांच्या २०१८ च्या अभ्यासातून घेतले. तो ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. ११९ देशांतली सुमारे ३८,७०० शेतं आणि ४० उत्पादनं त्यात आहेत. हाच निवडला, कारण वायू, जमीन आणि पाणी ही तिन्ही मोजमापं त्यात एकाच सीमेपर्यंत मोजली आहेत, म्हणजे शेतापासून दुकानाच्या फळीपर्यंत. सोबतची शीट कुणालाही उतरवून घेता येते.

२४ पदार्थ निवडले, आकडे भरले. चार तास गेले. काम सोपं वाटलं.

७ फेब्रुवारी

पहिली अडचण किलोची. शीट किलोमागच्या वायूंच्या उतरत्या क्रमाने लावली तर कॉफी २८.५३ वर आणि कोंबडी ९.८७ वर. म्हणजे कॉफी कोंबडीच्या जवळजवळ तिप्पट! पण एका कपाला दहा ग्रॅम पूड लागते आणि कोंबडी ताटात शंभर ग्रॅम येते. वाढणीवर आणलं की कॉफी ०.२९ किलो आणि कोंबडी ०.९९ किलो. क्रम पार उलटला.

मग वाटलं, किलोऐवजी उष्मांकावर किंवा प्रथिनांवर मोजावं. तांदूळ आणि दूध घेऊन पाहिलं. वजनाने तांदूळ (४.४५) दुधापेक्षा (लिटरला ३.१५) जड. हजार किलोकॅलरींमागे तांदूळ १.२१ आणि दूध ५.२५, म्हणजे दूध चौपटीहून जड. शंभर ग्रॅम प्रथिनांमागे तांदूळ ६.२७ आणि दूध ९.५०. टोमॅटोचं तर विचारूच नका. किलोला २.०९ असलेला टोमॅटो उष्मांकावर मोजला की ११ च्या घरात जातो, कारण त्यात उष्मांकच नाहीत. उष्मांकासाठी टोमॅटो कोण खातं?

यातलं कुठलंही मोजमाप खोटं नाही, प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. कार्ड वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न असतो, ‘मी आत्ता जे ताटात घेतलं त्याचं काय?’ म्हणून वाढणी ठरवली. वजनकाटा घेऊन दोन संध्याकाळी सगळ्या पदार्थांच्या वाढण्या मोजल्या. अंदाजाने लिहू नका. माझे अंदाज निम्म्याहून जास्त ठिकाणी चुकीचे निघाले.

१० फेब्रुवारी

पाण्याच्या रकान्यात मोठी चूक सापडली. गोमांसासमोर मी १५,४१५ लिटर लिहिलं होतं. हा आकडा सगळीकडे फिरत असतो, म्हणून डोळे झाकून भरला. तांदळासमोर होता २,२४८. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. १५,४१५ हा पाणीठशाच्या पद्धतीचा आकडा आहे. त्यात गवतावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस धरलेला असतो आणि त्यातला बहुतेक भाग पावसाचाच आहे. २,२४८ मध्ये पाऊस नाही, फक्त नदी, कालवा, विहीर यांतून उपसलेलं पाणी आहे. त्याच पद्धतीने गोमांसाचा आकडा किलोला १,४५१ लिटर येतो. दहापटीचा फरक!

एक रकाना, एक स्रोत, हा नियम आज घातला. बाहेरून आलेला प्रत्येक आकडा काढून टाकला. तीन तास.

१४ फेब्रुवारी

आजची चूक वजनकाट्यावरची. वाढणी मी शिजलेल्या पदार्थाची मोजली होती आणि अभ्यासातले आकडे कोरड्या तांदळाचे, कोरड्या वाटाण्यांचे आहेत. ताटातला २०० ग्रॅम भात सरळ ४.४५ ने गुणला, आले ०.८९ किलो. खरं तर तो ७५ ग्रॅम तांदळाचा भात. खरा आकडा ०.३३.

खात्री करायला शंभर ग्रॅम वाटाणे रात्री भिजत घातले, सकाळी उकडले, निथळून पुन्हा काट्यावर ठेवले. २३५ ग्रॅम भरले. म्हणजे वाढलेल्या वाटाण्यांचं वजन २.३५ ने भागलं की कोरडं वजन मिळतं. पाण्याला कसलाही कार्बन लागलेला नसतो, ते वजनात धरून आपण त्याचा हिशोब वाटाण्यांवर टाकत असतो.

शीटमध्ये ‘कोरडं वजन’ असा वेगळा रकाना केला. कडधान्यं, तांदूळ आणि ओट्सपुरतं हे केलं तरी पुरतं.

१८ फेब्रुवारी

आज संदर्भमूल्य. इथेच पुढचे अनेक दिवस जाणार आहेत याची कल्पना नव्हती.

विचार असा होता की पृथ्वीला अन्नासाठी किती परवडतं ती मर्यादा घ्यावी, लोकसंख्येने भागावी, ३६५ ने भागावी, झालं. जानेवारी २०१९ मध्ये ‘ईट-लॅन्सेट’ या आहार आणि पर्यावरणावरच्या शास्त्रज्ञांच्या आयोगाचा अहवाल आला, त्यात अन्नव्यवस्थेसाठी अशा मर्यादा दिल्या आहेत. वर्षाला हरितगृह वायू ५०० कोटी टन, जमीन १.३ कोटी चौरस किलोमीटर, पाणी २,५०० घन किलोमीटर. लोकसंख्या ८०० कोटी धरली.

हवामान: ५०० भागिले ८००, म्हणजे माणशी ६२५ किलो वर्षाला, दिवसाला १.७१ किलो.
जमीन: माणशी १,६२५ चौरस मीटर.
पाणी: माणशी ३१२ घनमीटर वर्षाला, दिवसाला ८५६ लिटर.

जमिनीला ३६५ ने भागलं नाही, कारण जमीन पाण्यासारखी संपत नाही, ती तिथेच राहते, असं वाटलं. त्यामुळे सगळ्या पदार्थांचे जमिनीचे टक्के जवळजवळ शून्य आले आणि मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पदार्थाचा आकडा नुसता चौरस मीटर नसतो, ‘चौरस मीटर एक वर्षभर अडवून ठेवला’ असा असतो. एक लिटर दुधाला ८.९५ म्हणजे तेवढी जमीन वर्षभर त्या एका लिटरसाठी अडलेली. माणशी १,६२५ चौरस मीटर हे वर्षभराच्या सगळ्या जेवणांना मिळून आहेत, तेव्हा एका दिवसाला ४.४५. भागायलाच हवं.

२२ फेब्रुवारी

कार्डांचा पहिला मसुदा. २०० मिलिलिटर दूध: हवामानाच्या वाट्याच्या ३७ टक्के. भाताची एक वाढणी: साडेएकोणीस. शंभर ग्रॅम गोमांस: ५८२. आकडे भेदक आहेत, लोक थांबून वाचतील असं वाटलं. २४ कार्डं छापायला दिली. घाई केली.

२४ फेब्रुवारी

छपाई हातात आल्यावर ताळा करून पाहिला. ताळा आधी करायचा असतो, हे शाळेतच शिकवलेलं.

एका दिवसाचं बिनमांसाचं साधं जेवण मांडलं: तांदूळ १५० ग्रॅम, गव्हाचं पीठ १५०, दूध ४०० मिलिलिटर, वाटाणे ४०, बटाटा, कांदा, टोमॅटो, एक केळं, थोडं तेल, थोडी साखर, दोन कप कॉफी. बेरीज ३.४ किलोच्या आसपास आली, म्हणजे दिवसाच्या वाट्याच्या १९८ टक्के. मांस नाही, अंडं नाही, मासा नाही, तरी दुप्पट? असेलही, असं म्हणून पुढे जाता आलं असतं, पण मन घेईना.

मग दुसरा ताळा केला. याच आयोगाने आपल्या मर्यादेत बसणारा आहार स्वतः सुचवला आहे: दिवसाला धान्य २३२ ग्रॅम, दूध आणि दुधाचे पदार्थ २५०, कोंबडी २९, मासे २८, अंडी १३, गोमांस किंवा मेंढीचं मांस मिळून ७ ग्रॅम, भाज्या ३००, फळं २०० वगैरे. तो आहार माझ्या शीटमध्ये घातला. बेरीज पावणेचार किलोच्या पुढे गेली, म्हणजे २२० टक्क्यांच्या वर.

मर्यादा त्यांची, आहार त्यांचा आणि माझ्या शीटमध्ये तो आहार मर्यादेच्या दुपटीहून जास्त. चूक माझ्याकडे आहे हे उघड होतं.

२५ ते २८ फेब्रुवारी

चार संध्याकाळी फॉर्म्युले तपासण्यात गेल्या. एकही चुकलेला नव्हता. चूक फॉर्म्युल्यात नव्हतीच, ती अपूर्णांकात होती. अंशात एक गोष्ट मोजलेली, छेदात दुसरीच.

तिन्ही ठिकाणी तसंच झालं होतं. आयोगाची ५०० कोटी टनांची मर्यादा फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांची आहे. म्हणजे जनावरांचा रवंथ, शेणखत, भातखाचरं, खतं. ट्रॅक्टरचं डिझेल, कारखान्यातली वीज, वाहतूक, वेष्टन आणि जंगल तोडून केलेल्या शेतातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड त्यात धरलेला नाही, कारण ऊर्जा कार्बनमुक्त होईल आणि जंगलतोड थांबेल असं तिथे गृहीत आहे. माझ्या पदार्थांच्या आकड्यांत मात्र हे सगळं आहे.

जमिनीची १.३ कोटी चौरस किलोमीटरची मर्यादा फक्त लागवडीखालच्या जमिनीची. पदार्थांच्या आकड्यात कुरणंही आहेत. गोमांसाच्या किलोमागच्या ३२६ चौरस मीटरांत मोठा भाग कुरणाचाच.

पाण्याची २,५०० घन किलोमीटरची मर्यादा ‘खर्ची पडलेल्या’ पाण्याची, म्हणजे बाष्प होऊन किंवा पिकात जाऊन जे नदीला परत मिळत नाही त्याची. पदार्थांच्या आकड्यात उपसलेलं सगळं पाणी आहे, त्यातलं काही पुन्हा झिरपून परत जातं.

शिवाय तो आहार मर्यादेत बसतो तो सुधारलेली शेती आणि निम्म्यावर आणलेली नासाडी धरून. माझे आकडे आजच्या शेतीचे.

या चार ओळी कुणी मला आधी सांगितल्या असत्या तर छापलेली २४ कार्डं रद्दीत गेली नसती. शीटच्या पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: छेदात जे मोजलंय तेच अंशात आहे का?

२ मार्च

दुरुस्ती. अंश बदलणं माझ्या हातात नाही, म्हणून अंशाला जुळणारा छेद शोधला. तो त्याच अभ्यासात होता. जगातल्या सगळ्या अन्नसाखळीचं एकूण उत्सर्जन त्यांनी १,३७० कोटी टन काढलंय, तेही याच पद्धतीने, याच सीमेपर्यंत. त्यातला अन्नाचा खप २०१० च्या आसपासचा, तेव्हा जग सुमारे ७०० कोटींचं. माणशी १,९५७ किलो वर्षाला, दिवसाला ५.४ किलो.

जमीन: प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडले तर ३१० कोटी हेक्टर, म्हणजे ७६ टक्के जमीन मोकळी होईल असं त्यांचं गणित आहे. उलटं केलं की एकूण सुमारे ४१० कोटी हेक्टर निघते. माणशी दिवसाला १६ चौरस मीटर-वर्ष.

पाण्यासाठी बाहेरचा आकडा घ्यावा लागला. एक रकाना, एक स्रोत या माझ्याच नियमाला हा अपवाद, पण या वेळी जात तपासून घेतली. जगात वर्षाला साधारण ४,००० घन किलोमीटर पाणी उपसलं जातं आणि त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. उपसलेलं भागिले उपसलेलं. माणशी दिवसाला १,१०० लिटर.

आता तेच बिनमांसाचं जेवण ६३ टक्के आलं. जगाच्या सरासरीहून कमी, आणि ज्या सरासरीत मांस धरलेलं आहे तिच्याशी तुलना करताना तसंच यायला हवं. ताळा जुळला.

पण एक गोष्ट निसटली आणि ती लहान नाही. ५.४ किलो हा आज होणारा सरासरी खर्च आहे, परवडणारा खर्च नव्हे. १०० टक्के भरले म्हणजे ‘ठीक आहे’ असा अर्थ कुणी घेतला तर कार्डाने नुकसानच केलं म्हणायचं. म्हणून प्रत्येक कार्डावर तळाला एक ओळ घातली: ‘हा आजचा जगाचा सरासरी वाटा आहे. पृथ्वीला परवडणारा वाटा याहून कमी आहे.’ किती कमी याचा आकडा दिला नाही, कारण माझ्या अंशाला जुळणारा तसा छेद माझ्याकडे नाही, आणि न जुळणारा पुन्हा छापणार नाही.

५ मार्च

एकाने सुचवलं की तीन आकडे कशाला, एकच गुण द्या. म्हणून युरोपीय आयोगाची पर्यावरणीय ठशाची पद्धत पाहिली. तिच्यात १६ निर्देशक आहेत, प्रत्येकाला एका माणसाच्या वार्षिक भाराने भागतात आणि मग वजन देऊन बेरीज करतात. हवामानाला २१.०६ टक्के वजन, पाण्याला ८.५१, जमिनीला ७.९४. फ्रान्सच्या ‘अ‍ॅग्रिबालिझ’ कोशात सुमारे अडीच हजार पदार्थांचे असे गुण तयार मिळतात.

दोन कारणांनी सोडून दिलं. पहिलं, तिथला हवामानाचा छेद माणशी ८,१०० किलो (३.० आवृत्ती) आहे आणि तो माणसाच्या सगळ्या आयुष्याचा आहे. घर, प्रवास, कपडे, वीज, सगळं त्यात आलं. त्याने भागलं की दुधाचा पेला २.८ टक्क्यांवर येतो आणि वाचणारा निर्धास्त होतो. तो छेद निर्देशकांना एका मापात आणण्यासाठी आहे, दिवसाचा वाटा दाखवण्यासाठी नाही. दुसरं, वजनं ही निवड आहे, मोजणी नव्हे. जीवनचक्र मूल्यमापनाच्या (वस्तूच्या उगमापासून शेवटापर्यंतचा भार मोजण्याच्या) आयएसओ १४०४४ या मानकातही लोकांसमोर मांडायच्या तुलनेत वजन देऊन केलेली बेरीज वापरू नये असंच आहे.

त्या कोशातले आकडे माझ्या शीटमध्ये मिसळायचा मोहही झाला, कारण त्यात शिजवलेले पदार्थ आहेत. पण तिथली सीमा ताटापर्यंत जाते, माझी दुकानाच्या फळीपर्यंत. नको.

९ मार्च

छापण्याआधीच सापडलेली एक चूक. मूळ शीटमध्ये हरितगृह वायूंचे दोन रकाने आहेत, एक आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालातल्या गुणकांचा आणि एक २०१३ च्या. मी नवे पदार्थ भरताना दोन ठिकाणी पहिला रकाना उचलला होता. मिथेनच्या एका किलोला २००७ च्या अहवालात २५, २०१३ मध्ये २८ आणि हवामानाचा प्रतिसाद (तापमान वाढल्यामुळे निसर्गातून सुटणारा जादा कार्बन) धरला तर ३४ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य मानलंय. २५ चे ३४ म्हणजे ३६ टक्के वाढ. गव्हाला फरक पडत नाही, पण तांदूळ, दूध, चीज, गोमांस हलतात. एकाच शीटमध्ये दोन्ही गुणक असले तर रवंथ करणाऱ्या जनावरांचे पदार्थ उगाच वरखाली होतात. दोन्ही ठिकाणी २०१३ चा रकाना भरला.

१४ मार्च

दुसऱ्या छपाईआधी या वेळी हाताने लिहिलेली कार्डं सात जणांना दाखवली. त्यातून जे शिकले ते शीटमधून कधी कळलं नसतं.

स्वयंपाकघरातल्या मावशींनी दुधाचं कार्ड हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, “ताई, बारा टक्के म्हणजे वाटाण्यापेक्षा दूध चांगलं ना? वाटाण्याला एक सुद्धा नाही.”

मी म्हटलं, “नाही मावशी, उलट. जास्त म्हणजे जास्त भार.”

“मग डब्यावर जीवनसत्त्वाचे टक्के लिहितात तिथे तर जास्त म्हणजे चांगलं असतं.”

अगदी खरं. पोषणाच्या तक्त्याची नक्कल करताना मी त्याची सवयही उचलली होती. जीवनसत्त्वाचे टक्के गाठायचे असतात, माझे टक्के वाचवायचे. दुसऱ्या एका तरुणाने विचारलं, “दुधात बारा टक्के काय असतं, स्निग्धांश का?” सातांपैकी चौघांनी कार्ड चुकीचं वाचलं.

टक्के काढून टाकले. त्याजागी एक पट्टी आणि तिच्यावर शीर्षक: ‘आजच्या वाट्यातला इतका संपला’. पट्टीत दहा चौकोन, संपलेले रंगवलेले. दूध एक चौकोन आणि थोडा. भात अर्ध्याहून जरा जास्त. दोन अंडी जवळजवळ एक. वाटाण्यांना पेन्सिलीचा एक ठिपका. गोमांसाच्या पट्टीला दहा चौकोन पुरेनात, दुसरी पट्टी खाली काढावी लागली आणि तीही आठ चौकोन भरली. मावशींनी दोन कार्डं शेजारी ठेवली आणि या वेळी काही विचारलं नाही, वाटाण्याचं कार्ड पुढे सरकवलं.

१९ मार्च

आकडे किती बारीक लिहायचे? गोमांसाचं १८४ टक्के लिहिलं की वाटतं, कुणीतरी काट्यावर मोजलंय. पण त्याच अभ्यासात शंभर ग्रॅम प्रथिनांमागे गोमांसाची सरासरी ५० किलो आहे, सर्वांत कमी भाराच्या दहा टक्क्यांची सीमा २० आणि सर्वांत जास्त भाराच्या दहा टक्क्यांची १०५. शेताशेतात पाचपटीचा फरक असताना शेवटचा ४ लिहिणं बरोबर नाही. शीटमध्ये १८०. पट्टीत अर्ध्या चौकोनाहून बारीक भाग दाखवायचा नाही, त्याखाली ठिपका.

सरासरी वापरली म्हणून तुलना कोसळते का, हेही तपासलं. नाही कोसळत. दुधाळ कळपातलं सर्वांत कमी भाराचं गोमांससुद्धा वाटाण्यांच्या ३६ पट वायू सोडतं आणि सहापट जमीन घेतं. लांबच्या पदार्थांचा क्रम पक्का आहे. जवळच्यांचा, म्हणजे अंडी नऊ आणि दूध बारा अशांचा, शेतागणिक उलटू शकतो. म्हणून भिंतीवर सगळ्या कार्डांची उतरंड लावायची नाही असं ठरवलं. प्रत्येक कार्ड आपल्या पदार्थाजवळ.

२१ मार्च

बदाम-अक्रोडाच्या कार्डाने शेवटचा पेच टाकला. तीस ग्रॅमला हवामानाचा भार ०.०१३ किलो, म्हणजे ठिपकासुद्धा मोठाच. कारण ही झाडं अनेक ठिकाणी आधीच्या शेतजमिनीवर लावलेली आहेत आणि वाढताना कार्बन धरून ठेवतात, ते वजा झालंय. पण पाणी किलोला ४,१३४ लिटर. तीस ग्रॅमला १२४ लिटर, एक चौकोन पूर्ण. गोमांसाचं बरोबर उलट: हवामान आणि जमिनीत दोन्ही पट्ट्या ओसंडतात आणि पाण्यात फक्त १३ टक्के, भाताच्या १५ पेक्षा कमी. एकच मोजमाप ठेवलं असतं तर यातलं निम्मं दिसलंच नसतं.

पाण्याच्या पट्टीबद्दल एक कमीपणा कार्डावरच छापलाय. लिटर सगळीकडे सारखा नसतो. दुष्काळी खोऱ्यातला एक लिटर आणि पाणथळ खोऱ्यातला एक लिटर यांचं मोल वेगळं. त्यासाठी ‘अवेअर’ नावाची पद्धत आहे, तिच्यात पाण्याच्या टंचाईप्रमाणे गुणक ०.१ पासून १०० पर्यंत जातो. पण तो लावायला पदार्थ कुठल्या खोऱ्यातून आला ते कळावं लागतं आणि आमच्याकडे येणाऱ्या पोत्यांवर ते लिहिलेलं नसतं.

२३ मार्च

कार्डं लागली. एकूण वेळ ६१ तास. त्यातले निम्मे न जुळणाऱ्या छेदापायी गेले. पैसे गेले ते पहिल्या छपाईचे.

दुपारी मावशी काटा घेऊन आल्या. “ताई, चीजच्या कार्डावर तीस ग्रॅम लिहिलंय, पण आम्ही तुकडा मोठा कापतो.” तीन तुकडे काट्यावर ठेवले: ४४, ४६, ४५. मी मोजलेलं तीस हे पाकिटातल्या पातळ चकतीचं होतं. ४५ ग्रॅमला १.०७ किलो, म्हणजे २० टक्के. जमीन २५, पाणी २३. कार्ड उतरवलं, तीस खोडून पंचेचाळीस केलं आणि तिन्ही पट्ट्यांमध्ये चौकोन वाढवले. रंग वाळेपर्यंत ते खिडकीत ठेवलंय, उद्या सकाळी पुन्हा लावायचं.